सुटं तोललं तर दुकानदार, बांधून ठेवलं तर पॅकर

दुकान टाकायचं म्हटलं की लोक ज्या यादीने घाबरवतात त्यात दुकानाचा गुमास्ता परवाना असतो, अन्नसुरक्षेचं एफएसएसएआय असतं, जीएसटी असतो, लाइटचं कमर्शियल मीटर असतं, पण वजनकाट्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. काट्याचं काय एवढं, आणायचा, प्लग लावायचा, माल टाकायचा, असंच सगळे बोलतात. आमचं दुकान मुंबई-गोवा हायवेला लागून आहे, कोकणी मेव्याचं, म्हणजे आमसुलं, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), काजू, फणसपोळी, आंबापोळी, कुळथाचं पीठ, वहिनीचा घरचा मसाला, आणि सीझनला आंबे. यातलं निम्मं सुटं जातं, निम्मं पाकिटातून. हे सुटं आणि पाकीट यात कायद्याच्या नजरेतून जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि माझ्या मते सगळा खेळ तिथेच आहे, पण आधी काट्याचं सांगतो कारण सुरुवात तिथून झाली.

ऑनलाइन बघितलं तर दीड-दोन हजारांत चकचकीत इलेक्ट्रॉनिक काटे मिळतात. वहिनी म्हणाली हाच घेऊ की, दिसतोय पण छान. माझा एक मित्र हार्डवेअरच्या दुकानात आहे, त्याने एकच सांगितलं, रंग बघू नको, प्लेट बघ. धंद्यासाठी जो काटा वापरायचा त्याच्या मॉडेलला केंद्र सरकारची मंजुरी लागते आणि तो मॉडेल अप्रूव्हलचा नंबर मशीनच्या प्लेटवर असावा लागतो, सोबत मशीनचा सिरियल नंबर, क्लास म्हणजे अचूकतेचा दर्जा, जास्तीत जास्त वजन, कमीत कमी वजन आणि 'ई' नावाची एक किंमत. ऑनलाइनवाल्या स्वस्त काट्यांवर हे काहीच नसतं, काहींवर तर बारीक अक्षरात लिहिलेलंच असतं की व्यापारासाठी वापरू नये. तो काटा तुम्ही कुठेही घेऊन जा, त्याला स्टॅम्पिंग होणारच नाही, मग घरी पोळ्यांची कणीक मोजायला वापरा.

आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन परवाना असलेल्या डीलरकडून ३० किलोचा काटा घेतला. वजनकाटे विकायला, बनवायला, दुरुस्त करायला, तिन्हीसाठी वेगळा सरकारी परवाना लागतो, हे मला तिथे भिंतीवर लावलेले कागद वाचून कळलं. डिस्प्ले दोन्ही बाजूंनी हवा, एक आपल्याला, एक गिऱ्हाइकाला. हे फार बरं पडतं कारण मुंबईची माणसं काजू तोलताना मान वाकडी करून करून बघतात.

प्लेटवरची 'ई' म्हणजे काय ते तिथल्या माणसाने समजावलं. आमच्या ३० किलोच्या काट्याला ई आहे ५ ग्रॅम. म्हणजे तो पाच-पाच ग्रॅमच्या पायरीने मोजतो. आणि कमीत कमी वजन लिहिलंय १०० ग्रॅम, कारण या क्लासच्या काट्याला ई च्या वीसपट हे किमान धरतात. हे किमान वजन म्हणजे नुसती शोभेची ओळ नाही बरं का. आमच्याकडे त्रिफळं, जायपत्री, वेलची असला माल २५ ग्रॅम, ५० ग्रॅम असाच जातो. २५ ग्रॅम वेलची या मोठ्या काट्यावर ठेवली तर तो आकडा दाखवेल पण २ ग्रॅम इकडे-तिकडे झाले तर त्याला ते दिसणारच नाही, आणि २ ग्रॅम वेलचीचे पैसे किती होतात ते बाजारभाव बघून तुम्हीच काढा. म्हणून ३ किलोचा, अर्ध्या ग्रॅमच्या पायरीचा दुसरा छोटा काटा घ्यावा लागला, त्याला किमान १० ग्रॅम चालतं. खर्च वाढला खरा, पण मसाले विकणाऱ्याने एका मोठ्या काट्यावर भागवणं म्हणजे रोज स्वतःचं तरी नाहीतर गिऱ्हाइकाचं तरी नुकसान करणं आहे. सोन्या-चांदीवाल्यांना तर याहून वरचा क्लास लागतो, क्लास २, आपल्याला क्लास ३ पुरतो.

आता स्टॅम्पिंग. कायद्याच्या भाषेत पडताळणी आणि मुद्रांकन, बाजारात सगळे स्टॅम्पिंगच म्हणतात. खातं वैधमापन शास्त्राचं, पण जुनी माणसं अजून 'वजनमापेवाले' म्हणतात. कायदा २००९चा, तो लागू झाला १ एप्रिल २०११पासून, त्याआधी १९७६चा होता. डीलर म्हणाला शेट, काटा आज नेऊ नका, तालुक्याला कॅम्प आहे, तिथे तुमच्या नावाने स्टॅम्पिंग करून हातात देतो. मी म्हटलं मी पण येतो बघायला. त्याला जरा आश्चर्य वाटलं, कारण बहुतेक दुकानदार काटा नि पैसे त्याच्याकडे देऊन मोकळे होतात आणि सर्टिफिकेट आलं की ड्रॉवरमध्ये टाकतात.

कॅम्प म्हणजे बाजारपेठेतल्या एका हॉलमध्ये टेबलं मांडलेली, खाली जमिनीवर ओळीने काटे, मच्छीवाल्यांचे, भाजीवाल्यांचे, एका रेशन दुकानाचा मोठा प्लॅटफॉर्म काटा, आणि एका कोपऱ्यात लोखंडी वजनांची पोती. निरीक्षक मॅडम होत्या. त्यांच्याकडे एक लाकडी पेटी, आत खाचे केलेले, प्रत्येक खाचेत पितळेचं एकेक वजन, अगदी छोट्या वजनांना हातसुद्धा लावत नव्हत्या, चिमट्याने उचलायच्या. मी विचारलं हाताने का नाही, तर म्हणाल्या घामाचंसुद्धा वजन होतं. ही त्यांची वजनं पण ठरावीक काळाने त्यांच्याहून वरच्या दर्जाच्या वजनांशी ताडून बघतात, ती आणखी वरच्यांशी, आणि ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते, तिथे भारताचा किलो ठेवलाय, ५७ नंबरचा. मला हे ऐकून उगाच भारी वाटलं, आमसुलं तोलायचा काटा आणि त्याचं नातं थेट दिल्लीला.

आमच्या काट्याची पाळी आली तेव्हा त्यांनी आधी लेव्हलचा बुडबुडा बघितला, मधोमध नव्हता, डीलरच्या माणसाला पाय फिरवायला लावले. मग काहीच न ठेवता शून्य. मग वजनं चढत्या क्रमाने ठेवत गेल्या, प्रत्येक वेळी आकडा स्थिर होईपर्यंत थांबायच्या, मग उतरत्या क्रमाने काढत गेल्या. त्यानंतर १० किलो घेतले आणि ते पातेल्याच्या, म्हणजे वरच्या स्टीलच्या ताटाच्या, एकेका कोपऱ्यावर ठेवले. कारण गिऱ्हाइकाची पिशवी कधी मधोमध बसत नाही, कोपऱ्यावर ठेवली तरी तेच वजन यायला हवं. आमच्या आधी एका भाजीवाल्याच्या काट्याने तीन कोपऱ्यांवर बरोबर दाखवलं आणि चौथ्यावर १५ ग्रॅम कमी, तर तो बाजूला काढला. तो बिचारा म्हणत होता मॅडम मी नेहमी मधीच ठेवतो, पण ते काही चाललं नाही.

फरक किती चालतो याचंही गणित आहे. आमच्या ५ ग्रॅमवाल्या काट्याला अडीच किलोपर्यंत अडीच ग्रॅम, तिथून १० किलोपर्यंत ५ ग्रॅम, त्याच्या वर साडेसात ग्रॅम, हे स्टॅम्पिंगच्या वेळी. वापरात असताना तपासणीला आले तर याच्या दुप्पट सूट. म्हणजे कायदासुद्धा मान्य करतो की काटा देव नाही.

पास झाल्यावर सील. मशीनच्या खाली कॅलिब्रेशनच्या बटणाकडे जाणारी जागा असते, ती तार ओवून शिश्याने बंद करतात आणि त्या शिश्यावर हातोडीने पंच मारतात. पंचात निरीक्षकाचा नंबर, वर्ष आणि तिमाहीचं अक्षर येतं, ए, बी, सी, डी. जानेवारी ते मार्च ए, असं पुढे. ते शिसं नखाएवढं असतं, भिंगाशिवाय नीट वाचता पण येत नाही, पण सगळी जान त्याच्यात आहे. ते तुटलेलं असलं की काटा कितीही बरोबर असो, तो बिनस्टॅम्पचाच. सर्टिफिकेट मिळतं ते दुकानात दिसेल असं लावायचं, ड्रॉवरमध्ये नाही. फी मशीनच्या क्षमतेप्रमाणे ठरलेली असते आणि तिची पावती वेगळी मागून घ्या, कारण डीलर किंवा दुरुस्तीवाला आपलं येणं-जाणं, सर्व्हिस आणि सरकारी फी एकत्र एकच आकडा सांगतो आणि आपल्याला वाटतं सरकारच एवढे घेतं. मला एकाने सांगितलेला आकडा आणि पावतीवरचा आकडा यात चांगला मोठा फरक निघाला. मी विचारल्यावर त्याने निमूट सर्व्हिस चार्जचं बिल वेगळं करून दिलं. त्याची मेहनत आहे, पैसे घ्यावेत, पण नाव सरकारचं का?

इलेक्ट्रॉनिक काट्याचं स्टॅम्पिंग १२ महिने चालतं. लोखंडी वजनं, साधी तागडी, दुधा-तेलाची मापं, मीटरपट्टी यांना २४ महिने. हे मला काकांमुळे ठाऊक. काकांचं बाजारात जुनं किराणा दुकान आहे, त्यांच्याकडे अजून तागडी टांगलेली आहे, वापरतात कमी पण दोन वर्षांनी इमानदारीत स्टॅम्पिंग करून आणतात. त्यांच्या वडिलांच्या वेळी शेर, पायली, मण, खंडी होतं, भात तर मापाने, वजनाने नाहीच. मेट्रिकचा कायदा झाला १९५६ साली, १९५८पासून टप्प्याटप्प्याने किलो आले आणि १९६२मध्ये सक्तीचे झाले, पण आजोबा म्हणे त्यानंतरही कितीतरी वर्षं गिऱ्हाइकाला पायलीचा हिशोब तोंडी करून दाखवायचे आणि मग किलोत तोलायचे. काका तागडी अजून रोज सकाळी रिकामी उचलून बघतात, पासंग आहे का, म्हणजे एक पारडं खाली झुकतंय का ते. मला म्हणाले, "तुझ्या मशीनला पासंग कसा बघतोस रे?" मी दोन किलोचं एक स्टॅम्प केलेलं वजन घेऊन ठेवलंय, दुकान उघडलं की आधी ते काट्यावर ठेवतो. एखादा गिऱ्हाईक कुरकुरला की त्याच्यासमोर पण तेच ठेवतो, वाद तिथेच मिटतो.

आता मुद्द्याचं. काकांच्या दुकानात, आणि खरं सांगायचं तर बाजारातल्या सगळ्याच दुकानांत, दुपारी गिऱ्हाईक नसलं की पोरगा साखर एक-एक किलो, तूरडाळ अर्धा-अर्धा किलो पिशवीत भरून रबर लावून ठेवतो. संध्याकाळी गर्दीत पटापट द्यायला सोपं. आम्ही पण आमसुलं आणि काजू असेच भरून ठेवणार होतो, तेव्हा कॅम्पमध्ये मॅडम मोकळ्या दिसल्या म्हणून आधीच विचारून घेतलं. मी म्हटलं, "मॅडम, सील वगैरे काही नाही, नुसतं रबर लावतो, ते सुटंच ना?"

त्या हसल्या. "रबर लावा नाहीतर गाठ मारा. भरलंत तेव्हा गिऱ्हाईक समोर होतं का?"

"नाही."

"आणि आत किती आहे ते आधीच ठरलेलं आहे?"

"हो, पाव किलो."

"मग ते पाकीट झालं. आणि ते भरणारे तुम्ही पॅकर झालात."

कायद्यातली व्याख्या खरंच एवढीच आहे. खरेदी करणारा हजर नसताना ठरावीक प्रमाणात भरलेली वस्तू, मग वेष्टण कसलंही असो, सीलबंद असो किंवा नसो. म्हणजे तोच काजू, तीच पिशवी, तोच काटा, पण गिऱ्हाइकासमोर तोलून दिला तर मी किरकोळ दुकानदार, माझी जबाबदारी काट्यापुरती आणि निव्वळ वजनापुरती. अर्धा तास आधी तोलून ठेवला तर मला पॅकिंगचे सगळे नियम, २०११चे, लागू. मला हे आधी फार जाचक वाटलं होतं, मग विचार केला तर पटलं. समोर तोललं की गिऱ्हाइकाचे डोळे काट्यावर असतात, तोच तपासनीस. बांधलेलं उचललं की त्याला आत काय नि किती ते बघायला मिळत नाही, म्हणून तेच सगळं बाहेर लिहून दे, एवढाच त्यामागचा अर्थ.

काकांना हे सांगितलं तर ते आधी चिडले, आमचा बाप पण असाच बांधायचा म्हणे. पण त्यांना वेगळीच कळ लागलेली होती. जुलै २०२२मध्ये तांदूळ, डाळ, पीठ अशा मालाला २५ किलोपर्यंत पाकीटबंद आणि लेबल लावलेला असेल तर ५ टक्के जीएसटी लागला, सुटा तोलून दिला तर नाही. आणि पाकीटबंद कशाला म्हणायचं तर तिथे याच वजनमापाच्या कायद्याची व्याख्या उचललेली. काकांच्या सीएने त्यांना हेच सांगितलं होतं पण त्यांना पटलं नव्हतं. आता त्यांनी पोराची दुपारची बांधाबांधी बंद केली, संध्याकाळी काट्यावर दोन माणसं उभी करतात.

आम्हाला मात्र पाकिटं हवीच होती. टुरिस्ट गाडी थांबवतो तो पाच मिनिटांसाठी, त्याला उचलून न्यायचं असतं. म्हणून पॅकर म्हणून नोंदणी केली. पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांत अर्ज करायचा, फी ५०० रुपये. कागद साधेच, ओळखीचा पुरावा, जागेचा पुरावा, काय काय पॅक करणार त्याची यादी. एफएसएसएआयचं रजिस्ट्रेशन वेगळं, ते आधीच केलेलं, त्यात विशेष सांगण्यासारखं काही नाही.

खरी डोकेदुखी लेबल. आमच्याकडच्या डीटीपीवाल्याने झकास डिझाइन केलं, कोकमाचं चित्र, मागे समुद्र, सगळं मराठीत आणि खाली ठळक '250 gms' हे इंग्रजी अक्षरांत. मॅडमनी दिलेल्या यादीशी ताडून बघितलं तर त्या एका लेबलात तीन गोष्टी अडल्या. एक, ग्रॅमचं चिन्ह नुसतं 'जी', त्याला पुढे एम नाही, एस नाही. किलोला 'केजी', मागे एस लावायचा नाही. हसू येतं पण याच्यावरून नोटिसा जातात. एक किलोच्या आतलं वजन ग्रॅममध्येच लिहायचं, अर्धा किलो किंवा ०.५ किलो नाही. दोन, निव्वळ वजनाच्या आकड्याची उंची कमीत कमी किती मिलिमीटर ते नियमात ठरवून दिलेलं आहे, आमच्या डीटीपीवाल्याने कोकमाचं चित्र एवढं मोठं केलं होतं की आकड्याला जागाच उरली नव्हती. तीन, आणि हे मला सगळ्यात खुपलं, नुसतं मराठीतलं लेबल चालत नाही. सक्तीचा मजकूर हिंदीत देवनागरी लिपीत किंवा इंग्रजीत पाहिजे, मराठी हवी तर जोडीला घाला. महाराष्ट्रातलं पाकीट, महाराष्ट्रात विकणार, पण मराठी ही जास्तीची! असो. आम्ही दोन्ही घातल्या, पुढच्या बाजूला मराठी, मागे इंग्रजी.

बाकी मजकूर म्हणजे वस्तूचं नाव, पॅकरचं नाव नि पूर्ण पत्ता, निव्वळ वजन, महिना आणि वर्ष, एमआरपी सर्व करांसह, आणि तक्रारीसाठी फोन नि ईमेल. त्यात २०२१च्या दुरुस्तीने एक नवीन आलं, एकक विक्री किंमत. एक किलोपेक्षा कमी असेल तर दर ग्रॅमला किती, जास्त असेल तर दर किलोला किती, दोन दशांशापर्यंत. आमचा २५० ग्रॅम काजू ३२० रुपयांना, म्हणजे ग्रॅमला १ रुपया २८ पैसे. वहिनीला हे लिहायला अजिबात नको होतं, ती म्हणे महाग दिसतं. पण गिऱ्हाईक म्हणून विचार करा, एकीकडे २०० ग्रॅमचं पाकीट, दुसरीकडे २५० ग्रॅमचं, तोंडी हिशोब कोण करतो? याच दुरुस्तीने ठरावीक साइजमध्येच पॅक करा ही जुनी सक्ती गेली, त्यामुळे आता बिस्किट-चहावाले हव्या त्या विचित्र वजनात पाकिटं काढतात, किंमत तीच आणि वजन हळूच कमी. तेव्हा ग्रॅमचा भाव लिहिलेला बरा.

आणि हो, छापलेल्या लेबलावर नंतर स्टिकर चिकटवून मजकूर बदलायचा नाही. एमआरपी कमी करायची असेल तर कमी किमतीचं स्टिकर चालतं, पण जुनी किंमत झाकायची नाही. काजूचे भाव सीझनला वर-खाली होतात म्हणून आम्ही एमआरपी नि तारीख छापून घेतच नाही, त्याची जागा मोकळी ठेवलीय, पॅक करताना हातमशीनने मारतो.

आगळाचं वेगळंच. ते मिलिलिटरमध्ये विकायचं. आमचा पोरगा हुशारी करून ५०० मिलीची बाटली काट्यावर ठेवून ५०० ग्रॅम भरायला लागला. आगळात मीठ किती असतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको, ते पाण्यापेक्षा जड, म्हणजे ५०० ग्रॅम भरलं की माप ५०० मिलीपेक्षा कमी भरणार. तेलाचं उलटं, एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणून तर १५ लिटरचा डबा आणि १५ किलोचा डबा यात सव्वा किलोच्या वर फरक पडतो आणि घेणारे दोन्हीला पंधराचा डबाच म्हणतात. आम्ही स्टॅम्प असलेलं ५०० मिलीचं माप आणलं, त्याने भरून बाटलीच्या मानेवर कुठे येतं ती रेघ पक्की केली, आता सगळ्या बाटल्या त्या रेघेवर. मध मात्र वजनावरच.

आमसुलाने वेगळा त्रास दिला. ते मुळात ओलसर, मिठाचं पाणी पाजलेलं, साध्या पिशवीत महिनाभर ठेवलं की सुकतं आणि वजन उतरतं. २५० ग्रॅमच्या पाकिटात एखाद्यात ९ ग्रॅमपर्यंत कमी निघालं तर कायदा सोसतो, ५०० ग्रॅमला १५. पण ही सूट एकेका पाकिटाला, सगळ्या पाकिटांची सरासरी काढली तर ती छापलेल्या वजनाच्या खाली जाता कामा नये. त्यामुळे सगळीच २४५ भरून ९ ग्रॅमच्या आत आहोत असं म्हणता येत नाही, जे काही जण खुशाल करतात. 'पॅक करताना वजन इतकं होतं' अशी पळवाट लेबलावर लिहायची सोय पण आमसुलाला नाही. आम्ही जाड पाउच घेतला, सीलिंग मशीन घेतली आणि २५४-२५५ भरतो.

गणपतीच्या आधी, गर्दीच्या ऐन तोंडावर, मोठा काटा भिरभिरायला लागला, काही न ठेवता ३५ ग्रॅम, मग ०, मग परत २०. दुरुस्तीवाल्याने उघडला तर आत मुंग्या. फणसपोळीची साखर कुठून तरी आत गेली होती आणि मुंग्यांनी पूर्ण बोर्डावर संसार थाटला होता. साफ झालं, वजन ओळखणारा आतला भाग, लोड सेल, तोही बदलला, पण सील तुटलं. आणि सील तुटलं की परत पडताळणी झाल्याशिवाय तो काटा धंद्याला वापरायचा नाही, मग जुन्या स्टॅम्पिंगला सहा महिने शिल्लक असले तरी. दुरुस्तीवाला म्हणाला वापरा हो, मी नंतर बघतो. मी नाही वापरला. काकांची तागडी आणि वजनं उचलून आणली, स्टॅम्प चालू होता त्यांचा, आणि चाकरमान्यांना ती तागडी बघून इतकी मजा वाटली की लोक फोटो काढत होते.

त्याच दिवसांत तपासणी आली. सणाला येतातच, मिठाईवाल्यांकडे खोक्यासकट वजन धरतात का ते बघायला आणि हायवेवर पाण्याच्या बाटलीला एमआरपीच्या वर घेतात का ते बघायला, फ्रिजमधली थंड आहे म्हणून दोन-पाच रुपये जास्त लावणं हा सरळ गुन्हा आहे. आमच्याकडे त्यांनी सर्टिफिकेट बघितलं, छोट्या काट्यावर वजनं ठेवली, बंद मोठ्या काट्याचं विचारलं, मी दुरुस्तीची पावती दाखवली. मग शेल्फवरून स्वतः उचलून आमसुलाची पाकिटं तोलली, एक रिकामा पाउच मागून त्याचं वजन वजा केलं, वहीत लिहिलं, लेबल वाचलं, चहा घेतला नाही आणि गेले. जवळच्या एका दुकानात मात्र काट्याचं स्टॅम्पिंग संपून बरेच महिने झाले होते. बिनस्टॅम्पचा काटा वापरला तर २००९च्या कायद्याने तेव्हा २ हजारापासून १० हजारापर्यंत दंड होता, पहिल्या वेळी तडजोड शुल्क भरून मिटवता यायचं. गंमत म्हणजे त्याचा काटा तपासला तर एकदम बरोबर होता. तो तावातावाने हेच सांगत होता, काटा बरोबर आहे तर दंड कसला. वरून उशिराची जादा फी तिमाहीप्रमाणे चढलेली ती वेगळीच. मला त्याचं वाईट वाटलं, पण मासळीबाजारात काटा मारणारे जे तोंड वर करून तेच म्हणतात, त्यांना आणि याला वेगळं ओळखायचं कशावरून?

आमचं स्टॅम्पिंग पहिल्या वर्षी मे महिन्यात संपत होतं, म्हणजे ऐन आंब्यात, जेव्हा काटा तासभर बाजूला ठेवणं परवडत नाही. मुदत संपायची वाट बघायची गरज नसते, आधी पण करून घेता येतं, काही महिने फुकट जातात तेवढेच. तेव्हा आता दोन्ही काटे, काकांची वजनं आणि आगळाचं माप असं सगळं एकदमच फेब्रुवारीच्या कॅम्पला नेतो, टेम्पोचं भाडं काका देतात आणि फी ज्याची त्याने भरायची.